विमलआत्या आणि पिसांचा राजा

विमलआत्यांना माझा राजा आवडला नाही. लॅपटॉपच्या पडद्याकडे त्यांनी चष्मा वर-खाली करून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "हे कशावर उभं आहे?"

"काय?"

"हा पिसांचा एवढा पसारा. कशावर उभा आहे?"

"डोक्यावर," मी म्हटलं.

"ते दिसून राहिलंय. डोकं आणि पिसं यांच्या मधे काय आहे?"

मधे काहीच नव्हतं. मी राजाच्या कपाळावर एक सोनेरी पट्टी काढली होती आणि तिच्यातून दीड हात लांबीची हिरवी पिसं सरळ आभाळाकडे गेली होती. आत्या उठून आत गेल्या. येताना त्यांच्या हातात भाजीची टोपली होती आणि टोपलीत डाळीचा डबा. ती त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली.

"आता मागं वळून बघ. कोणी तरी हाक मारली तुला."

मी वळले. टोपली घसरली, डबा ओट्यावर पडला आणि झाकण गल्लीत घरंगळत गेलं. आत्या हसल्या नाहीत. "तुझ्या राजाला कोणी मागून हाक मारली तर त्याचं राज्य असं जाईल," म्हणाल्या आणि झाकण आणायला मलाच पाठवलं.

ही २०१७च्या डिसेंबरमधली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ग्वाल्हेरलाच चित्रकला शिकले होते आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करत होते. ही कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. नवा गेम मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडच्या जुन्या राज्यांवर होता, माया आणि अ‍ॅझ्टेक लोकांच्या. खेळणाऱ्यानं आपलं पात्र आपणच निवडायचं आणि आपल्या आवडीचे कपडे त्याला चढवायचे. अशी बारा पात्रं त्यांच्या कपड्यांसकट काढायचं काम माझ्याकडे होतं. दाना ओली या ग्वाल्हेरच्या वस्तीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, तिथे नेटवर्क कधी यायचं, कधी नाही. खाली विमलआत्यांच्या ओट्यावर मात्र चांगलं यायचं, आणि थंडीत सकाळी अकरापर्यंत तिथे ऊनही असायचं. म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिथे बसू लागले. आत्या शेजारी बसून कोणाच्या तरी ब्लाउजची हातशिलाई करत असायच्या. पहिले काही दिवस त्यांनी माझ्या कामाकडे ढुंकून पाहिलं नाही. मीच एकदा कौतुकाच्या आशेनं पडदा त्यांच्याकडे फिरवला होता.

टोपली पडल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "हा कुठला राजा?"

"माया. म्हणजे हे हिरवे मणी मायांचे. हातातलं शस्त्र अ‍ॅझ्टेकांचं."

"दोघं एका काळातले?"

"नाही. सातआठशे वर्षांचं अंतर आहे."

"म्हणजे तू देवगिरीच्या यादवांना शिंदेशाही पगडी घातलीस."

मला राग आला. वर जाऊन मी आईला म्हटलं, ब्लाउजला हूक लावणाऱ्या बाईनं मला माया संस्कृती शिकवावी का. आई कणीक तिंबत होती. ती म्हणाली, "ती कान्होजी पगडीवाल्यांची मुलगी आहे. तुला माहीत नव्हतं?"

मला खरंच माहीत नव्हतं. जन्मापासून मी त्यांना बघत होते, पण गल्लीतली सगळी मुलं त्यांना आत्या म्हणायची म्हणून मीही म्हणायचे, एवढंच. मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या हे ठाऊक होतं. त्याच्या आधीचं पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून थोडं थोडं ऐकलं. त्या सलग कधी सांगत नसत. सुईत दोरा ओवताना एखादं वाक्य यायचं आणि दोरा ओवला गेला की थांबायचं.

विमलआत्यांचा जन्म १९३७ चा. त्यांचे पूर्वज दख्खनमधून शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेले. वडील कान्होजी मात्र फौजेत गेले नाहीत. त्यांच्या हातात कापड वळवायची कला होती. सरदार-दरकदारांच्या पगड्या बांधायचं काम ते करत. चंदेरीचं तलम कापड, साठ साठ हात लांब. ते पिळून त्याची दोरीसारखी वळी करायची आणि मग एकावर एक फेर बसवत जायचं. आई लवकर गेल्यामुळे विमल वडिलांच्याच मागं मागं असायची. कापडाचं दुसरं टोक धरून उभं राहायचं हे तिचं काम. टोक किती ताणायचं आणि कधी सैल सोडायचं हे तिला सहाव्या वर्षी कळत होतं. पगडीच्या नुसत्या कोनावरून माणूस कोणत्या घराण्यातला, कोणत्या हुद्द्याचा, घरात सुतक आहे की लग्न, हे ती ओळखायची.

ती अकरा वर्षांची असताना, १९४८ साली, ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं. जुनी खाती मोडली, माणसांच्या याद्या झाल्या, आणि कान्होजींना इंदरगंजातल्या एका कचेरीत दफ्तरी म्हणून नेमलं. पगड्या बांधणारे हात आता कागदांचे बस्ते बांधू लागले. त्या काळात राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. दर वर्षी फायलींचे बस्ते गाडीत भरून तिकडे जायचे आणि परत यायचे. कान्होजींनी बांधलेला बस्ता इंदूरपर्यंत कधी सुटला नाही. तिथले कारकून विचारायचे म्हणे, कान्होजींचे बस्ते कोणते, ते आधी उतरवा.

"वाईट वाटायचं का त्यांना?" मी एकदा विचारलं.

"वाटायचं. पण ते एकच गोष्ट बोलायचे. म्हणायचे, सगळ्यांनी पांढऱ्या टोप्या घातल्या, बरं झालं, पण आता समोरच्याला काय म्हणून हाक मारायची ते कळत नाही."

राजाचं पुढे काय झालं ते सांगते. राग ओसरल्यावर मी वाचायला बसले. मायांच्या राजांचे मुकुट खरोखरच नुसत्या पट्टीवर उभे नव्हते. आत लाकडाचा आणि वेताचा सांगाडा असायचा, त्यावर कापड, मग मणी आणि मग पिसं. काही ठिकाणी तर पिसांचा भार पाठीवरच्या वेगळ्या चौकटीवर घेतलेला. चार दिवसांनी मी नवं चित्र घेऊन खाली गेले. आत्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आता मान मोडणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हा एवढा चिडलेला का आहे?"

"योद्धा राजा आहे ना, आत्या."

"राजाला स्वतः चिडावं लागत नाही. त्यासाठी माणसं ठेवलेली असतात. तोंड मिटव त्याचं."

मी तोंड मिटवलं. राजा एकदम मोठा दिसू लागला. पुण्याहून निरोप आला की हे आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र आहे.

त्यानंतर दर रविवारी माझी परीक्षा होऊ लागली. मी पात्र दाखवायची आणि आत्या त्यातल्या चुका काढायच्या. त्यांना माया माहीत नव्हते, अ‍ॅझ्टेक माहीत नव्हते, व्हिडिओ गेम तर कधी पाहिलाच नव्हता. पण कापड अंगावर कसं राहतं हे त्यांना माहीत होतं. एक योद्धा स्त्री मी काढली होती. अशा गेममध्ये असते तशी. कमरेला तिकडच्या ठिपकेदार वाघाच्या, जग्वारच्या, कातड्याची चिंधी, छातीवर दोन पट्ट्या, बाकी सगळा दागिना. मी ती संकोचतच दाखवली. आत्या काही वाईटसाईट बोलल्या नाहीत. सुई ब्लाउजात टोचून ठेवली आणि म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी शाळेच्या नाटकाचे कपडे शिवले. ज्या मुलीला स्टेजवर सारखं आपलं कापड सावरावं लागतं ना, तिचे संवाद चुकतात. ही लढणार कधी?"

मग मी तिकडच्या बायकांचा खरा पोशाख शोधला. दोन-तीन पट्टे जोडून केलेला, डोक्यातून घालायचा सैल झगा, त्याच्या गळ्याला विणकामाची नक्षी. योद्ध्यांसाठी जाड कापूस भरून शिवलेलं चिलखत असायचं, तेही तिला दिलं. आत्या खूश झाल्या. "दुलईच आहे ही. ग्वाल्हेरच्या थंडीत मला पण चालेल."

पण त्या प्रत्येक वेळी बरोबर असत असं नाही. एका गोष्टीचा त्यांचा हट्ट होता. तिकडचे पुरुष एक चौकोनी वस्त्र अंगाभोवती घेऊन खांद्यावर गाठ मारत, आपण त्याला उपरणं म्हणू. मी गाठ मोठी काढली होती. आत्या म्हणाल्या, "चांगल्या बांधणाऱ्याची गाठ दिसत नाही. टोक आत खोच." कान्होजींच्या पगडीचं टोक कधी कुणाला सापडलं नव्हतं. मी सगळ्या पात्रांच्या गाठी आत लपवल्या. कंपनीनं सल्ल्यासाठी मेक्सिकोतल्या एक बाई नेमल्या होत्या, जुन्या वस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या. महिन्यातून एकदा त्या व्हिडिओवर भेटायच्या. त्यांनी चित्रं पाहून विचारलं की गाठी कुठे गेल्या. तिकडच्या जुन्या पोथ्यांतल्या चित्रांत गाठ मुद्दाम ठळक काढलेली असते, लोक ती दाखवायचेच. त्यांनी तशी पाच-सहा चित्रं पाठवली.

मी भीत भीत ती आत्यांना दाखवली. त्यांनी एकेक चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "हो की. यांना गाठ दाखवायचीच आहे. माझं चुकलं." आणि लगेच पुढे, "त्या मेक्सिकोच्या बाईंना कळव. म्हणावं ग्वाल्हेरच्या विमल म्हणतात, चुकलं."

मी तसं लिहिलं. बाईंनी उत्तरादाखल एक छोटा व्हिडिओ पाठवला. एक म्हातारी बाई मागाचं एक टोक झाडाला बांधून आणि दुसरं आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवून विणत बसली होती. आत्यांनी तो तीनदा पाहिला. "ही मागं रेलली की ताण, पुढं झुकली की सैल," त्या म्हणाल्या. आणि नकळत त्यांचे दोन्ही हात पुढे आले, एखाद्या कापडाचं टोक धरावं तसे.

रमाकांतबद्दल त्यांनी मला मार्चमध्ये कधी तरी सांगितलं. मी होऊन विचारलं नव्हतं. मीच त्या दिवशी माझ्या लग्नाच्या कटकटीविषयी बोलत होते. रमाकांत त्या इंदरगंजातल्या कचेरीत कारकून होते. वडिलांना डबा द्यायला विमल जायची तेव्हा ते उगाच बाहेर येऊन पाणी प्यायचे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला ठरली. कचेऱ्या हलल्या तशी माणसंही हलली. रमाकांतांची बदली झाली. ते आईला घेऊन रीतसर विचारायला आले.

"मग?"

"बाबा म्हणाले जा. मी नाही म्हटलं."

"का? बाबांना पण नेता आलं असतं."

"तेही म्हणाले तसं रमाकांत. चांगले होते. पण बाबांचं एकदा सगळं हललं होतं, दुर्गा. दुसऱ्यांदा मला हलवायचं नव्हतं."

"पश्चात्ताप नाही झाला?"

"झाला की. दोन-तीन वर्षं चांगलाच झाला." त्या दोरा तोडत म्हणाल्या. "मग शाळा मिळाली. चाळीस मुली समोर बसल्या की पश्चात्तापाला फुरसत कुठे असते."

एप्रिलपर्यंत माझी अकरा पात्रं झाली होती. मी ती एका रांगेत लावून आत्यांना दाखवली. राजा, राणी, पुरोहित, जग्वारचा योद्धा, गरुडाचा योद्धा, सेनापती, असे सगळे. आत्यांनी रांग इकडून तिकडे पाहिली.

"कोणाच्या लग्नाचा फोटो आहे का हा?"

"म्हणजे?"

"सगळे ठेवणीतले कपडे घालून उभे आहेत. रोजचे कपडे घालणारा एक नाही. यांच्याकडे पाणी कोण भरतं? ही पिसं कोण शिवतं?"

बारावं पात्र मी आणखी एक सेनापतीच काढणार होते. तो बेत सोडला आणि साध्या माणसांच्या कपड्यांविषयी वाचू लागले. तेव्हा एका स्पॅनिश पाद्र्यानं लिहून ठेवलेला अ‍ॅझ्टेकांचा कायदा सापडला. साध्या माणसानं कापसाचं वस्त्र वापरायचं नाही, घायपाताच्या धाग्याचं वापरायचं. आणि त्याचं उपरणं गुडघ्याखाली जाता कामा नये. गेलं तर शिक्षा. अपवाद एकच होता. लढाईत ज्याच्या पायांना जखमा झाल्या असतील, त्यानं ते व्रण झाकण्यापुरतं लांब उपरणं घेतलं तर चालेल.

मी हे खाली जाऊन वाचून दाखवलं. आत्या म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं. त्यांनी आत जाऊन चहा ठेवला, आणि चहा घेऊन येताना म्हणाल्या, "हाच काढ."

तो शिपाई काढायला मला एक महिना लागला. इतर कुठल्याही पात्राला एवढा वेळ लागला नव्हता. चाळिशीचा माणूस, केस थोडे विरळ, अंगात घायपाताचं खरबरीत उपरणं, घोट्यापर्यंत. गाठ खांद्यावर, दिसेल अशी. आत्यांनी त्याला पाच वेळा परत पाठवलं. एकदा म्हणाल्या, लंगडा दाखवू नकोस, तो लंगडत नाही, त्याला नुसतं उभं राहायला वेळ लागतो. एकदा म्हणाल्या, चेहरा बिचारा नको. शेवटी मी त्याला डाव्या पायावर जरा जास्त भार देऊन, लोकांकडे सरळ बघत उभा केला. आत्यांनी मान हलवली. त्यांची शाबासकी एवढीच असायची.

ऑगस्टमध्ये पुण्याची आमची कंपनी बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीनं घेतली. एका सकाळी सगळ्यांना लांबलचक पत्र आलं. दोन्ही कंपन्यांचं एकत्रीकरण होणार, कामांची पुनर्रचना होणार, कोणीही काळजी करू नये. ओट्यावर बसून मी ते आत्यांना मराठीत सांगितलं.

"काळजी करू नका असं लिहिलंय?"

"हो."

"आमच्या वेळी पण लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी नवे प्रमुख भालचंद्र सर यांनी बैठक घेतली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझी चित्रं खरोखर पाहिली होती आणि स्तुतीही केली. पण आता आमचा गेम दुसऱ्या एका गेममध्ये मिसळायचा होता. जगातले सगळे प्राचीन योद्धे एकाच मैदानात. प्रत्येक संस्कृतीला तीन पात्रं. राजा, जग्वार आणि गरुड ठेवू, ते म्हणाले, आणि माया-अ‍ॅझ्टेक असं वेगळं नको, एकच रंगसंगती करू. "दुर्गा, खेळताना मुलांना एवढं दिसत नाही. पात्र पडद्यावर बोटाएवढं असतं."

बैठक संपल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि आत्यांना म्हटलं की मी सोडून देते हे काम. नऊ महिने वाया गेले. तुम्ही पण उगाच मान दुखवून घेतलीत.

आत्यांनी मला बोलू दिलं. ऊन ओट्यावरून पुढे सरकलं होतं, आम्ही आत जाऊन बसलो. तेव्हा त्यांनी मला हरप्रसादची गोष्ट सांगितली, आणि ही गोष्ट मात्र त्यांनी सुई खाली ठेवून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली.

हरप्रसाद कचेरीचा पाणक्या होता. १९५५ मध्ये तो निवृत्त झाला. निरोपाला डोक्याला काही तरी असावं म्हणून तो कान्होजींकडे आला. साधा साफा बांधून द्या, म्हणाला. कान्होजींनी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी यायला सांगितलं. घरी येऊन त्यांनी ट्रंक उघडली. तळाशी चंदेरीचं एक थान उरलं होतं, सात वर्षं न उलगडलेलं. "टोक धर," ते विमलला म्हणाले. ती अठरा वर्षांची होती. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून कापड पिळून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीच्या अंगणात, सगळ्यांसमोर, कान्होजींनी हरप्रसादच्या डोक्यावर पूर्ण शिंदेशाही पगडी बांधली. सरदारांना बांधत तशी, त्याच कोनाची.

हेडक्लार्क बाहेर आले. म्हणाले, "कान्होजी, हे काय? ही याची पगडी नाही."

कान्होजी फेर बसवत होते. ते म्हणाले, "साहेब, बंदीचा कागद असेल तर दाखवा. मी उतरवतो."

हेडक्लार्क आत गेले. फायली सगळ्या कान्होजींनीच बांधलेल्या होत्या. असा कागद त्यांतल्या एकाही बस्त्यात नाही हे कान्होजींना पक्कं ठाऊक होतं. कोणी कोणती पगडी घालायची हा संस्थानातला जुना नियम विलीनीकरणात कुणी पुढे आणलाच नव्हता. हेडक्लार्क परत बाहेर आले नाहीत.

"हरप्रसाद इंदरगंजच्या चौकातून टोपी बाजारापर्यंत चालत गेला," आत्या म्हणाल्या. "मान ताठ. घाबरून ताठ, पगडी पडेल म्हणून. आम्ही दोघं मागं मागं, त्याची पिशवी घेऊन. बाजारातले म्हातारे दुकानदार ती पगडी ओळखायचे. एकेक जण गल्ल्यावरून उठून उभा राहिला. माणूस कोण ते त्यांना माहीत होतं. त्यांनी रोज त्याला पाणी वाहताना पाहिलं होतं. तरी उठले."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"घरी आल्यावर म्हणाले, नीट बसली."

मग त्यांनी सुई उचलली. त्यांनी मला असं कर, तसं कर असं काही सांगितलं नाही. मी वर गेले आणि भालचंद्र सरांना एक पत्र लिहिलं. तीन पात्रांचं मला समजलं, त्यांची रंगसंगती मी करून देते. पण खेळता न येणारी, नुसती शहरात उभी असलेली पात्रं किती असावीत याचा काही लेखी नियम आहे का? असल्यास पाठवावा. नसल्यास माझा लांब उपरण्याचा शिपाई कुठे तरी उभा करता येईल का? तो लढणार नाही, बोलणार नाही, त्याला हलवायचा खर्चही नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. असा नियम नाही. बाजाराच्या दाराशी उभा करू.

नोव्हेंबरमध्ये माझा करार संपला आणि नव्या कंपनीनं तो वाढवला नाही. मला इंदूरला मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचं काम मिळालं. जायच्या दिवशी आत्यांनी माझ्या पिशवीत हातानं शिवलेली कापसाची बंडी ठेवली. जानेवारीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. मी येऊ शकले नाही, आई त्यांच्याजवळ राहिली. फोनवर त्या म्हणाल्या की भिंतीचा रंग पिवळा आहे हे आजच कळलं, इतके दिवस त्या पांढरा समजत होत्या.

गेम मार्चमध्ये आला. पुढच्या रविवारी मी ग्वाल्हेरला आले आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले. राजा, जग्वार आणि गरुड मैदानात लढत होते, तिघंही त्याच एका लाल-निळ्या-हिरव्या रंगसंगतीत. आत्यांनी ते पाहिलं. मग मी एका पात्राला चालवत शहरात नेलं, बाजाराच्या दाराशी. तिथे तो उभा होता, घोट्यापर्यंत उपरणं, डाव्या पायावर भार. त्याच्याभोवती सहा-सात खेळाडू आपापली पात्रं घेऊन उभे होते. कोणी लढत नव्हतं. एक जण त्याच्या शेजारी त्याच्यासारखंच उभं राहून फोटो काढत होता.

"हे सगळे का जमलेत?" आत्यांनी विचारलं.

मी गेमच्या चर्चेचं पान उघडलं. तिथे लोकांनी प्रश्न विचारले होते. बाकी सगळ्यांची उपरणी गुडघ्यापर्यंत आहेत, याचं एकट्याचंच लांब का? चूक आहे का ही? हा कोणी मोठा माणूस आहे का? एकानं लिहिलं होतं, मी रोज खेळ सुरू केला की आधी याच्याकडे येतो, का ते माहीत नाही.

आत्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग त्या पडद्याजवळ सरकल्या. नव्या डोळ्यांनी त्यांनी शिपायाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दुर्गा."

"काय, आत्या?"

"कापड नवं दिसून राहिलंय. घड्यांवरून कळतं. याच्याकडे हे एकच असणार. रोज धुवून तेच घालत असेल. काठ जरा विरलेला पाहिजे होता."

मी म्हटलं, आता बदलता येणार नाही, माझ्या हातात काही नाही. "ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मी नुसतं सांगितलं. आता त्यांना उत्तरं लिही."

त्या सांगत गेल्या आणि मी इंग्रजीत लिहीत गेले. पहिलं उत्तर त्यांनी विचार करून सांगितलं. ही चूक नाही, तिथे तसा कायदा होता, याच्या पायांना जखमा आहेत. मोठा माणूस नाही, लढून आलेला आहे. दुसऱ्याला थोडं वेगळं सांगितलं, तिसऱ्याला त्याहून वेगळं. प्रत्येकाचा प्रश्न निराळा आहे, तर उत्तर सारखं कसं देणार, असं त्यांचं म्हणणं. जो रोज त्याच्याकडे येतो असं लिहिणारा होता, त्याचं नाव त्यांनी विचारलं. नाव नव्हतं, नुसते आकडे होते. "असू दे," त्या म्हणाल्या. "त्याला लिही, येत जा."

असं करत आम्ही अकरा जणांना लिहिलं. बाराव्याचा प्रश्न मी वाचायला घेतला तेव्हा आईनं वरून बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, पाठवली होती, तिच्याकडे बोट दाखवून आत्या म्हणाल्या, "तो थांबेल. आधी हे खाऊन घे, गार होऊन राहिलंय."